तीनदा वाचून मग पेन

माझ्या वर्गात भिंतीवर घड्याळ नाही. होतं, मी काढायला लावलं. शिपाई म्हणाला, "बाई, प्रत्येक वर्गात असतं." मी म्हटलं, "मग त्यांच्यापैकी कुणाच्या तरी वर्गात दोन लाव." घड्याळ असलं की पोरं गणिताकडे बघत नाहीत, काट्याकडे बघतात. चोवीस वर्षं पाचवीला शिकवतेय, मला कुणी घड्याळाचं कौतुक सांगू नये.

माझा नियम एकच, आणि तो सगळ्यांना सारखा. प्रश्न तीनदा वाचायचा, मग पेन उचलायचं. पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी. दुसऱ्यांदा शब्दाखाली बोट ठेवून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, आपल्याला काय विचारलंय ते मनातल्या मनात म्हणायचं. तोवर पेन बाकाच्या खाचेत आणि हात मांडीवर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ‘किती उरले?’ असं विचारलेल्या गणितात माझ्या चाळीसपैकी एकतीस पोरांनी बेरीज केली होती, कारण वरच्या दोन गणितांत बेरीज होती. वह्या तपासताना मी रडले होते. तेव्हापासून हा नियम आहे आणि माझ्या वर्गाचा निकाल कधी कुणापुढे खाली मान घालून उभा राहिलेला नाही.

पोरापोरांतला फरक मला कळत नाही, असं समजू नका. चष्मेवाला पुढच्या बाकावर बसला की गप्प आणि मागे बसला की वात्रट, हे मला कळतं. शिंप्याच्या जुळ्यांपैकी कोण कुणाचं बघून लिहितं हेही कळतं. एकेकाचं पाणी मी जोखून आहे. पण नियम सगळ्यांना सारखाच. एकाला सवलत दिली की उरलेली एकोणचाळीस डोक्यावर बसतात.

आता धाकटीकडे वळते. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघं खाली राहतो, ती वर. जिना एकच, आणि त्यावरून चढता-उतरताना आम्ही एकमेकींशी गोड बोलतो. दीर बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतात. तिने लग्नानंतर शिकायचं ठरवलं. शैक्षणिक मानसशास्त्र. दोन वर्षं ती सकाळी नवाला बाहेर पडायची, संध्याकाळी सहाला यायची, आणि माझी शाळा सुटली की तिची पोर माझ्याकडे. धाकटीचा डबासुद्धा मीच भरायचे. पदवी मिळाली तेव्हा तिने सगळ्यांचे आभार मानले, त्यात मी ‘घरची मंडळी’ होते.

मला मूलबाळ नाही. कुणी कीव केलेली मला खपत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. त्या पोरीला बोट धरून चालायला तिच्या आईने शिकवलं असेल, पण वाचायला मी शिकवलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, शब्दाखाली बोट ठेवून. आमच्या ह्यांनी तिचं नाव मुंगी ठेवलं, कारण ती चालायची हळू पण वाटेत कधी थांबायची नाही. काहीही विचारा, ती आधी गप्प होणार. ओठ मिटून आपलाच प्रश्न आत फिरवणार. मग उत्तर देणार, आणि ते दिलं की बदलणार नाही. हे म्हणायचे, "हिला हाक मारावी आणि निवांत अंघोळ करून यावं. तोवर ओ येते." पोर हसायची. तेही जरा वेळाने.

पदवी घेऊन धाकटी कुठे लागावी? आमच्याच शाळेत. समुपदेशक म्हणून. कानामागून आली आणि तिखट झाली. तिला वेगळी खोली, दारावर पाटी, आत मऊ खुर्च्या. शाळेत ती मॅडम आणि मी बाई. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तिच्यासाठी खुर्चीवरून अर्धे उठतात. माझ्यासाठी चोवीस वर्षांत त्यांनी मानसुद्धा पुरती वर केलेली नाही.

मुंगी यंदा पाचवीत आली आणि माझ्याच वर्गात पडली. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, "घरी काकू, शाळेत बाई. घरी तू, शाळेत तुम्ही." तिने प्रश्न नव्हता तरी तो तीनदा आत फिरवला आणि मान डोलावली. चार महिन्यांत एकदाही चुकली नाही. पडली, गुडघा फुटला, तरी "बाई, रक्त येतंय" म्हणाली. रडतानासुद्धा बाईच.

चौथ्या महिन्यात धाकटी माझ्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसली. तीन दिवस. मग शिक्षकसभेत मोठ्या सरांनी तिचा अहवाल वाचून दाखवला. ‘शिक्षिका सर्व विद्यार्थ्यांना एकाच पद्धतीने हाताळतात. वैयक्तिक भिन्नतेचा विचार आढळला नाही.’ चित्रकलेचे सर उगाच खोकले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, लपवत नाही.

"चाळीस पोरांना चाळीस पद्धती लावायच्या, तर चाळीस बाया नेमा," मी म्हटलं.

"चाळीस नाही, बाई," धाकटी शांतपणे म्हणाली. "निदान दोन-तीन. प्रत्येक मुलाची शिकण्याची गती वेगळी असते. ती मोजली पाहिजे."

"गती धावणाऱ्याची मोजतात, मॅडम. विचार करणाऱ्याची नाही."

मोठे सर म्हणाले, "मोजून तर बघू." आणि गतिचाचणी ठरली.

चाचणी म्हणजे एक पुस्तिका, तीस प्रश्न, वीस मिनिटं. वर्गशिक्षकांनी आत थांबायचं नाही, असा धाकटीचा नियम. ओळखीचा चेहरा दिसला की मुलं त्याच्या कलाने वागतात म्हणे. मी बाहेर उभी राहिले. आमच्या वर्गाच्या दाराला वर एक काच आहे, वहीच्या पानाएवढी. मी काही लपून बघत नव्हते. काच बघायलाच असते.

धाकटीने पुस्तिका वाटल्या. हातातलं स्टॉपवॉच वर धरलं. तिचा आवाज दारातून येत होता. "जितके जमतील तितके सोडवा. सुरू."

आणि माझ्या चाळीसच्या चाळीस पोरांनी पेनं खाचेत ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

माझा ऊर भरून आला. मी तिथे नव्हते आणि तरी होते. चोवीस वर्षांत मला कुणी पुरस्कार दिला नाही, पण तो एक क्षण मला पुरला असता. पुरला नाही, कारण पुढच्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की तिच्या हातातलं घड्याळ चालू आहे.

तिने ते पुन्हा वर धरलं. "सतरा मिनिटं राहिली." चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं आणि पेन उचललं. मग जुळ्यांनी एकदमच. मग एका बाकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. तेहतीस पोरांनी मला पाच मिनिटांत विकलं. म्हणजे इतकी वर्षं मी बघत असायचे, तेव्हाच नियम पाळला जायचा. मी पाठ वळवली की ज्याची त्याची रीत वेगळी होतीच.

सात उरली. सातांचे हात प्रत्येक प्रश्नाला मांडीवर. दुसऱ्या बाकावर खिडकीशी मुंगी. पहिलं वाचन, बोट ठेवून दुसरं, मग डोळे मिटून तिसरं. मग पेन. एका प्रश्नाला जवळजवळ दोन मिनिटं.

मी दार वाजवायला हवं होतं. ‘मॅडम, ह्या पोरांना माझा नियम आहे, तो आधी सोडायला सांगा.’ एवढंच म्हणायचं होतं. माझा हात कडीवर गेला होता, हे मी शपथेवर सांगते. आणि तो मी काढून घेतला, हेही. मला वाटलं, होऊ दे. हुशार पोरं हिच्या निकालाच्या तक्त्यात मठ्ठ निघू देत. उद्या मोठे सर विचारतील, ‘मॅडम, ही कसली तुमची चाचणी?’ तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. वीस मिनिटं मी तिथे उभी राहिले आणि काहीही केलं नाही.

करायला गेले काय आणि वर झाले पाय. मोठ्या सरांनी असलं काही विचारलं नाही. तक्ता रंगीत होता, त्यांना आवडला. हिरवी पोरं, पिवळी पोरं आणि शेवटी सात निळी. निळ्यांनी सोमवारपासून गणित आणि भाषेला आधारवर्गात बसायचं. जिन्याशेजारची जुनी शिवणाची खोली. शिवणाचे तास वेळापत्रकातून गेल्यापासून शिवणाच्या बाई नुसत्याच बसून असायच्या, त्यांना ती सात पोरं देऊन टाकली. पुढच्या वर्षीही ती वेगळ्या तुकडीत जाणार आणि तसा शेरा कायमच्या नोंदीत पडणार.

धाकटीने सभेत निळ्यांची यादी वाचली. सातवं नाव तिने बाकी नावांच्याच आवाजात वाचलं.

मोठे सर चपापले. "मॅडम, ही तर तुमचीच... आपण हिला वगळू शकतो. घरची गोष्ट आहे."

"नको सर," धाकटी म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा."

माझंच वाक्य, माझ्याच समोर. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर होता, मी त्यातली मुंगीची ओढून घेतली. तक्त्यात फक्त एकूण गुण होते, आतलं कुणी बघितलंच नव्हतं. मुंगीने तीसपैकी अकरा सोडवले होते. अकराच्या अकरा बरोबर. एकही खाडाखोड नाही.

मी पुस्तिका मिटली आणि गठ्ठ्यावर ठेवली. बोलले असते तर सांगावं लागलं असतं की मला वीस मिनिटं सगळं दिसत होतं. आणि दुसरंही एक कारण होतं, तेही सांगते. मला बरं वाटलं. मानसशास्त्राच्या मॅडमचीच पोर शेवटच्या रांगेत. मी दोन दिवस ते मनात घोळवत होते.

सोमवारी मुंगी दप्तर घेऊन शिवणाच्या खोलीत गेली. दुसऱ्या बाकावरची जागा रिकामी राहिली. मी तिथे कुणाला बसवलं नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी खाली आली, टेबलाशी बसली आणि वही उघडली. मी भाजी चिरत होते. अर्धा तास झाला तरी पान उलटल्याचा आवाज नाही. बघते तर पहिल्याच प्रश्नावर. बोट ठेवलेलं, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. मग डोळे उघडून पुन्हा पहिल्यापासून.

"काय गं, अडलं का?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, मी परीक्षेत तीनदा वाचलं होतं. अगदी प्रत्येक प्रश्न. चौथ्यांदा वाचायला हवं होतं का?"

मी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे मला कळलं नाही, मी का नापास झाले," ती म्हणाली. "म्हणून आता मी चारदा वाचते. पाचदा वाचू का?"

या पोरीला वाटत होतं की नियम तिने कमी पाळला. मी काय सांगणार होते? "तू नापास नाहीस" म्हटलं. तिने ते आत तीनदा फिरवलं आणि म्हणाली, "पण मग मी तिकडे का?" मी पुन्हा भाजी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं.

त्यानंतर ती खाली येईना. वरून आवाज यायला लागले. आधी धाकटीचा, "सुरू." मग बराच वेळ काही नाही. मग त्या घड्याळाचा टीं टीं टीं. मग पुन्हा धाकटी. "अगं, नुसतं वाच आणि लिही! एवढं कसं जमत नाही तुला?" मग पुन्हा "सुरू." स्वयंपाकघराचं छप्पर म्हणजे तिची जमीन. चार संध्याकाळी मी ते ऐकलं. हे म्हणाले, "तू काहीतरी बोल ना. शिक्षिका आहेस." मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." पाचव्या संध्याकाळी टीं टीं वाजलं आणि त्यामागून मुंगीचा रडण्याचा आवाज आला. ती पोर रडायच्या आधीही थांबते, त्यामुळे रडली म्हणजे केव्हाची रडायची होती. मी जिना चढले.

मुंगी टेबलाशी, समोर पुस्तिका, शेजारी घड्याळ. मला बघून तिने नाक पुसलं. धाकटी म्हणाली, "आत जा." ती आत गेली. दार लावलं गेलं, पण पुरतं नाही.

"बंद कर हा तमाशा," मी म्हटलं. "पोरीचा छळ चाललाय."

"तमाशा? ही सवय कुणी लावली हिला? शाळेत घातलं त्याच्या आधीपासून! चहात साखर किती असं विचारलं तरी ही पोर डोळे मिटते, ताई. पोर माझी आणि सवयी तुमच्या."

"सवयी माझ्या, कारण तू घरात नव्हतीस. डबा भरून देत होते तुला. तो मात्र गोड लागला."

"तो डबा तुम्ही मला रोज ऐकवलाय. सहा वर्षं."

"आणि तुझी चाचणी? अकरापैकी अकरा बरोबर आहेत तिचे. आत उघडून बघितलंस तरी? की नुसतेच रंग भरलेस?"

"बघितलंय." तिने घड्याळ उचललं आणि मुठीत धरलं. "त्याच दिवशी बघितलं. मला काय कळत नाही असं वाटतं तुम्हाला? हात मांडीवर होते सगळ्यांचे. मी तीन दिवस तुमच्या वर्गात मागे बसले होते, ताई. हात मांडीवर म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं."

मला क्षणभर समजलंच नाही ती काय म्हणतेय.

"मग थांबवलं का नाहीस?"

"कारण मला दाखवायचं होतं. तुमच्या त्या नियमाने मुलं मागे पडतात, हे सगळ्यांना आकड्यांत दाखवायचं होतं. तुम्ही तो अहवाल सभेत हसण्यावारी नेलात." तिचा आवाज चिरकला. "वाटलं होतं, सगळा वर्गच निळा येईल. मग पोरांवर नाही, तुमच्यावर येईल. सगळ्यांनी पेनं उचलली आणि हीच बसून राहिली."

"स्वतःच्या पोरीसमोर घड्याळ चालू ठेवलंस?"

"आणि तुम्ही?" ती माझ्या अगदी समोर आली. "काचेतून बघत होता. मला दिसत होता तुम्ही. हात कडीवर होता तुमचा. मी वाट बघत होते, आता दार वाजेल, मग वाजेल. दार का नाही वाजवलंत?"

चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं दोघींचं. दोघींना सगळं माहीत, दोघींच्या मध्ये एक दार, दाराला काच, आणि आत एक पोर डोळे मिटून प्रश्न तिसऱ्यांदा वाचतेय. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझ्याही. आतल्या खोलीचं दार जसं होतं तसंच, चार बोटं उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांकडे गेले. तेरी भी चूप, मेरी भी चूप, असं करता आलं असतं. पण ती टीं टीं माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी त्यांना नियम सांगितला, काच सांगितली, कडी सांगितली. त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी मान पुरती वर केली, आणि ती ज्या कारणासाठी वर झाली ते मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यांनी धाकटीला बोलावलं. "मॅडम, हे तुम्हाला माहीत होतं?"

ती म्हणाली, "होतं."

"दोघी एकाच घरातल्या ना तुम्ही?" ते म्हणाले.

फेरचाचणी त्यांनी स्वतः घेतली. घड्याळ नाही. शाळा सुटेपर्यंत बसा, म्हणाले. मी आणि धाकटी दोघींनी त्या मजल्यावर फिरकायचं नाही, असंही म्हणाले.

सातांपैकी पाच वर आली. मुंगीचे तीसच्या तीस बरोबर. बाकीच्या दोघांना मात्र खरंच आधाराची गरज होती. एकाला जोडाक्षरंच वाचता येत नव्हती. ती दोघं चार महिने माझ्या वर्गात हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसली होती, आणि मी म्हणत होते, काय शहाणी पोरं आहेत. एकेकाचं पाणी जोखून होते ना मी. हे धाकटीने मला ऐकवलं नाही. मोठ्या सरांच्या टेबलावर दोन पुस्तिका फक्त माझ्या बाजूला सरकवल्या. त्यापेक्षा तिने ऐकवलं असतं तर परवडलं असतं.

मग पाचांना एकेक करून बोलावलं. चौघं उड्या मारत वर्गात परत गेली. शेवटी मुंगी आली. सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. डाव्या हाताला मी, उजव्या हाताला धाकटी, दोघी खुर्चीत. मी वर्गातला तिचा बाक पुसून ठेवला होता. धाकटीने घड्याळ कपाटात कुलूपबंद केलं होतं आणि पोरीला तसं सांगितलंही होतं. चारचौघांत दिसेल इतकं चांगलं वागायचं, हे आम्ही न बोलता ठरवलं होतं.

"शाब्बास, बाळ," मोठे सर म्हणाले. "सगळे बरोबर. आता सांग, वर्गात परत जायचं ना?"

तिने हात पुढे एकमेकांत गुंतवले. सरांना वाटलं, लाजली. ते दुसऱ्यांदा विचारायला लागले तशी मी बोटाने त्यांना थांबवलं. मला माहीत होतं काय चाललंय ते. धाकटीलाही माहीत होतं. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा, तेव्हा तिचा अंगठा किंचित हलला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, का?" सर हसले. "तिकडे तुझ्यासाठी आता काही नाही. सोपी सोपी गणितं आहेत सगळी."

पुन्हा ती तेवढाच वेळ थांबली.

"तिकडे आई पण येत नाही," ती म्हणाली, "आणि काकू पण येत नाही."

शाळेत तिने मला काकू म्हटलं ते पहिल्यांदाच. चुकून नाही म्हटलं, त्या पोरीचं चुकून काही होत नाही. तिला बाईंबद्दल तक्रार नव्हती आणि मॅडमबद्दलही नव्हती.

मोठे सर कागदांकडे बघत म्हणाले, "राहू दे मग, या सत्रापुरतं राहू दे." आम्हा दोघींपैकी कुणीही हरकत घेतली नाही. घेणार कोणत्या तोंडाने? घंटा झाली. मी उठले, धाकटीही उठली, आणि दाराशी दोघी एकदमच पोचलो. ती थांबली, मी आधी जावं म्हणून, की मी आधी जायला धजते का ते बघायला, कोण जाणे. मीही थांबले. दोघीही हटेनात. मुंगीने आमच्याकडे पाहिलं, दप्तर छातीशी धरलं, दोघींना धक्का लागणार नाही अशी मधून निघाली आणि जिन्याशेजारच्या खोलीकडे वळली. या वेळी मात्र ती धावत गेली.